पट्टा उतरवलेलं इंजिन

मी झुलाल निंबा चौधरी, वय एकाहत्तर, धंदा पिठाची गिरणी, राहणार सोनखेडी, तालुका एरंडोल, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र राजीखुशीनं, स्वतःच्या हातानं लिहितो. हात कापतो, डोकं शाबूत आहे; अक्षर लागलं नाही तर दोष हाताला द्यावा.

१. राहतं घर आणि पोस्टातली शिल्लक पत्नी सुंदरबाईस. तिच्या हयातीत घराची वाटणी कोणी मागू नये. भिंतींपेक्षा तिनंच ते धरून ठेवलंय.

२. बाजारगल्लीतली गिरणी. इथं थोडं मागचं सांगावं लागेल. वाचनालयातल्या मासिकात मी पाखरांच्या थव्याबद्दल वाचलं. थव्याला पुढारी नसतो. प्रत्येक पाखरू शेजारच्याकडं पाहून वळतं, अन् सगळा थवा वळतो. अशा गुंत्याचं आता शास्त्र झालंय म्हणे. मला त्यात आमची गल्ली दिसली. दंगलीची अफवा आली की एक शटर पडतं, ते पाहून दुसरं, मग धडाधड सगळी. रिकाम्या गल्लीत चार टवाळांचं राज्य. पण गिरणीची पुकपुक चालू असली की लोक म्हणतात, "आबानी गिरणी चालू शे, मंग काही नही." म्हणून अशा दिवशी दळण नसलं तरी मी पट्टा उतरवून, दगड न फिरवता, नुसतं इंजिन चालवत असे.

गेल्या वर्षी मी डोळ्याच्या ऑपरेशनला धुळ्याला होतो. अफवा आली. मुलगा अभिमन म्हणाला, "दळन नही शे, मंग इंजिन कसाले चालू ठेवानं?" पुकपुक थांबली, गल्ली बंद झाली, आणि समोरच्या गफूर पिंजाऱ्याच्या दुकानाला कोणीतरी काडी लावली. आत कापूस होता. गफूरही होता. भरल्या गल्लीत ही छाती कोणाची झाली नसती.

शांतता समितीत मी हे मांडलं. बन्सीलालशेठ म्हणाले, "आबा, गुंडांची नावं सांगा, पाखरांचं काय सांगता?" नावं मिळाली, चौघे आत गेले. गल्ली होती तशीच आहे, पहिल्या शटरची वाट पाहत.

३. त्या मासिकाचे मी पुढं विकत घेतलेले सगळे अंक शांतता समितीस. शेठजींनी त्यात भजी बांधू नयेत.

४. गिरणीची खोली आणि दगड अभिमनला. पोरगा वाईट नाही. रिकामा दिवा जाळू नये हे त्याला घरातच शिकवलंय. इंजिन मात्र गफूरची बायको रहिमाबी हिला. तिला विचारूनच लिहितो. ती म्हणाली, "आबा, तुमना पोऱ्यानी काडी नही लाई. पन इंजिन त्याना हातमा देऊ नका." दोघांनी मिळून दळावं, एकावाचून दुसऱ्याचं पीठ पडायचं नाही. इंजिन बंद करण्याचा हक्क तिचा एकटीचा.

५. मी गेल्यावर रिवाजाप्रमाणं गल्ली दुकानं बंद करू लागेल. पहिलं शटर पडायच्या आत अभिमननं पट्टा उतरवावा आणि रहिमाबीनं इंजिन चालू करावं. मयत गिरणीवरूनच न्यावी. मला ऐकू येणार नाही. गल्लीला आलं पाहिजे.

वाचून, समजून सही केली.
झुलाल निंबा चौधरी

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली :
१. धनसिंग पाटील
२. रतिलाल वाणी

सोनखेडी, १६ फेब्रुवारी १९९४