हळदीकुंकवाचं बिल

वर्धा, मंगळवार, १४ नोव्हेंबर १९७८

जावयासाठी शेजारच्या डॉक्टरसाहेबांचं वापरलेलं स्विस घड्याळ घेतलं, मूळ बिलासकट. व्याही पोलिसात, त्यामुळे बिल हवंच, नाहीतर चोरटा माल वाटायचा. आणि हिनं लक्ष्मीपूजनात घड्याळासोबत ते बिलही पुजलं, मग निर्माल्याबरोबर पवनारला धाम नदीत सोडून दिलं. हळदीकुंकू लागलेलं बिल!

आज डॉक्टरसाहेबांनी घड्याळ घेतलं होतं त्या नागपूरच्या दुकानात बिलाची नक्कल मागितली. शेठ म्हणाले, ‘झाकणाच्या आतला नंबर आणा.’ घड्याळ नेलं नव्हतं; वर्ध्याला परतून झाकण उघडायला घड्याळजीकडे गेलो, तर तो म्हणतो, ‘बाहेरदेशचा माल हाय, पहिले बिल दाखवा.’ आता माणसानं करावं काय?

घरी येऊन हिच्यावर चिडलो. ही शांतपणे म्हणाली, ‘पूजेचा कागद काय केरात टाकू? नवा आला का मले देजा. त्यालेही कुंकू लावा लागन.’