दोब्रीची मागची भिंत

३ जून
पोचलो एकदाचा गोर्ना लीपाला! बस धापा टाकत घाट चढली, पण वरची हवा अशी झकास की प्रवासाचा शीण तिथेच उतरला. खोली केरामावशींकडे मिळाली. विधवा बाई, साठीच्या पुढची, तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. आल्या आल्या बीनचं सूप पुढ्यात ठेवून म्हणाल्या, आधी जेव, मग आमची घरं पाड.

काम नेहमीचंच. इथे लोकांनी परवानगी न घेता, आपापल्या हातांनी घरं उठवली आहेत. मी एकेक तपासायचं. हिरवा शिक्का दिला की घराला कागद मिळतो आणि मी लिहीन ती किंमत. लाल दिला की नगरपालिकेचा बुलडोझर. अठरा वर्षं हेच करतोय मी, लुबेन ताचेव. बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक केलं की आत काय आहे ते मला कळतं. माणसं थापा मारतात, भिंत मारत नाही.

५ जून
आज समोरचंच घर पाहिलं. मालक दोब्री, बसडेपोतला निवृत्त मेकॅनिक. बावीस वर्षं सुट्टीच्या दिवशी बांधत बसला. विटा जुन्या शाळेच्या, दार कुठल्याशा हमामाचं, तुळईच्या जागी रेल्वेचा रूळ! हसू आवरेना. बिचारा टोपी हातात धरून माझ्यामागे फिरत होता आणि कुठली वीट कुठून आणली ते सांगत होता. मी पुढे टकटक करत, इथे पोकळ, इथे बद्द, इथे नुसतं देवाचं नाव.

दरीकडची मागची भिंत तर कहर. जमिनीपासून छपरापर्यंत भेग, माझा पंजा आत जातो. पाच वेळा पाडून बांधली म्हणे. दर वसंतात बुजवायची, दर शरदात ती पुन्हा उघडणार. शेजारीपाजारी जमले होते. त्यांच्या देखत मी म्हणालो की, काका, घर पाहावं बांधून म्हणतात, पण ते ज्याला बांधता येतं त्याने. किंमत सांगितली: जागेची किंमत, वजा ढिगारा उचलायचा खर्च. सगळे खो खो हसले. दोब्रीही थोडा हसला. त्याची बायको झ्लाता बानित्साचं, म्हणजे चीज भरलेल्या खुसखुशीत भाजलेल्या पोळीचं, ताट घेऊन उभी होती, ती मात्र हसली नाही. बानित्सा उत्तम होता.

तरी नियम तो नियम. भेगेवर जिप्समची पट्टी चिकटवली. भिंत हलत असेल तर पट्टी तडकते, आणि तडकली की लाल.

९ जून
तडकली. चार दिवसही टिकली नाही.

दोब्री गयावया करू लागला. म्हणे, या घराशिवाय आम्हा दोघांना काही नाही साहेब, मेलो तरी इथेच मरू, अजून एक संधी द्या. मी म्हणालो, संधी घ्या, पण भिंतीत काही दम नाही, हिच्यात नुसता चुना ओतून भागायचं नाही, काहीतरी भक्कम घाला. झ्लाताने विचारलं, म्हणजे आमच्या जुन्या लोकांसारखं? मी म्हटलं, जुन्यांसारखं घाला नाहीतर नव्यांसारखं, मला भिंत उभी दिसली पाहिजे.

१२ जून
सकाळी नवी पट्टी लावायला गेलो. दोब्री भेगेपाशी कालवलेला चुना घेऊन तयार. झ्लाता म्हणाली, साहेब, उन्हाकडे पाठ करून जरा सरळ उभे राहा, स्वेटर विणायला तुमच्या मापाचा दोरा घेते. तांबडा लोकरीचा दोरा होता. टाचेपाशी वाकली आणि जमिनीवरूनच सावलीच्या डोक्यापर्यंत मोजत गेली. मी विचारलं, मावशी, स्वेटर माझा विणताय की जमिनीचा? म्हणाली, डोळ्यांना कमी दिसतं लेकरा, सावलीवरून अंदाज घेते. लाच घेत नाही मी, पण स्वेटरला लाच कोण म्हणतं? मी बानित्सा खात बसलो. दोब्री लगेच बुजवायला लागला होता.

१७ जून
मानलं पाहिजे! पट्टी अखंड. ओळंबा सोडला, केसभर फरक नाही. टकटक केलं, भरीव. अठरा वर्षांत असा आवाज ऐकला नाही. मी वाईट माणूस असेन, खोटा नाही. हिरवा शिक्का मारला, पूर्ण किंमत लिहिली. अहवालात एक वाक्य मुद्दाम झोकात लिहिलं: मागच्या भिंतीत दोरा शिरेल एवढीही फट नाही. आजच्या टपालाने जिल्ह्याला रवाना.

दोब्रीने दोन्ही हातांनी माझा हात दाबला. बघत मात्र माझ्या पायांपाशी जमिनीकडे होता.

२४ जून
बरं वाटत नाही. बाहेर ऊन रणरणतंय आणि मला थंडी. ओठ उलले आहेत, तोंडाला चुन्याची चव. डॉक्टर म्हणाला काही नाही, कमी प्या.

केरामावशींना म्हणालो, झ्लाताबाईंचा स्वेटर लवकर आला तर बरं होईल. त्या फिदीफिदी हसल्या, जूनमध्ये स्वेटर? मग एकदम थांबल्या. तुझं माप घेतलं की तुझ्या सावलीचं, म्हणून विचारलं. सांगितलं. मावशी स्टुलावर बसल्याच.

म्हणे, जी भिंत उभी राहत नाही तिच्यात माणसाच्या सावलीचं माप चिणतात. भिंत उभी राहते. माणूस चाळीस दिवस काढत नाही. तोच मग घराचा राखणदार होतो.

मी पोट धरून हसलो. रात्री बोटांवर बारा जूनपासून चाळीस दिवस मोजले. बावीस जुलै.

२८ जून
गुत्त्यात गेलो तर सगळे उठून उभे राहिले, मयताला राहतात तसे. मग एकाने राकिया पाजली आणि म्हणाला, काळजी करू नका साहेब, संत एलियाचा सण वीसला, तुमच्या बावीसच्या आधीच, कोंबडा तरी खायला मिळेल. सगळे हसले. त्या दिवशी दोब्रीच्या अंगणात हसले होते तेच लोक, तेच हसू.

उन्हात उभा राहिलो. सावली पडते, पण फिकट. पाणी घातलेल्या दुधासारखी.

१ जुलै
दोब्रीच्या पाया पडलो. हो, पडलो! दोरा काढा म्हणालो.

त्याने मला उठवून अंगणात उभं केलं, माझ्याभोवती फिरला. पेराने माझ्या छातीवर टकटक केली. म्हणाला, इथे पोकळ. पाठीवर केली. इथे बद्द. शेजारी जमले होतेच. मग झ्लाताला ओरडून सांगितलं की, अगं, बांधकाम बेचाळीस वर्षांचं, पण पाया कच्चा, किंमत लिही, कपड्यांची किंमत वजा खड्डा खणायचा खर्च.

झ्लाताने बानित्सा पुढे केला. मी घेतला. भूक लागली होती. लाज वाटते लिहायला.

५ जुलै
जिल्ह्याला पत्र टाकलं होतं, शिक्का चुकून मारला, घर लाल करा. उत्तर आलं. आपलाच अहवाल स्पष्ट आहे, फेरतपासणीची गरज नाही.

घण घेऊन गेलो. पहिला घाव घातला आणि इथे — बरगडीत — श्वासच गेला. विटेचा टवकाही उडाला नाही. दुसरा घातला. रक्त थुंकलो, त्यात पांढरी कच. दोब्री बाकावर सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. म्हणाला, सावकाश, साहेब, घर आता कायद्याचं आहे.

पळूनही पाहिलं. बस घाट उतरू लागते न लागते तोच गुदमरलो, ड्रायव्हरने रस्त्यात उतरवलं. चढ चढत परत आलो तसा श्वास परत आला.

११ जुलै
केरामावशी रोज सूप भरवतात. आज बोलता बोलता म्हणाल्या, उपाय एकच, चाळीसच्या आत दुसऱ्याचं माप त्याच भिंतीत घातलं तर पहिला सुटतो. म्हणाल्या आणि लगेच जीभ चावली. पण असलं कोण कोणाला करतं, म्हणाल्या.

त्यांच्या टोपलीत निळा दोरा आहे.

१४ जुलै
केलं.

त्या कपडे वाळत घालत होत्या. पाठमोऱ्या. गाणं गुणगुणत. सावली मोजली, टाचेपासून डोक्यापर्यंत. माप बरोबर आलं. माझं माप कधी चुकत नाही.

देवा, मला सूप भरवते ती बाई.

१५ जुलै
दोब्री-झ्लाता चर्चला गेले तेव्हा मागे गेलो. दोरा घेऊन. भिंत चाचपली, वरपासून खालपर्यंत. सांधा नाही. भेग नाही. टाचणी, मग सुई, मग नख. नख उपटलं.

फट नाही. दोरा शिरेल एवढीही —

मीच लिहिलंय. माझी सही आहे.

१८ जुलै
दोरा माझ्या खिशात मावशींना सापडला. ओरडल्या नाहीत. स्वतःच्या अंगाला लावून पाहिला, खांद्यापासून खाली. म्हणाल्या, माझंच घेतलंस होय रे? दुसरं कोणी नव्हतं गावात?

सूप आलं नाही.

२० जुलै
सणाचा कोंबडा. वास येतोय. कोणी आणला नाही.

सावली नाही. खिडकीत उभा राहिलो, मागे जमीन नुसती उन्हाची.

२१ जुलै
बोटं वळत नाहीत. कोपरं पांढरी — घासली की भुकटी —

समोर दोब्री पाहुण्यांना घर दाखवतोय. एकेका विटेची कथा. हसताहेत.

२२
दार मावशींनी बाहेरून —

टकटक. दोब्री भिंत वाजवतोय तिकडे. इथे छातीत वाजतंय. आधी आवाज पोकळ यायचा. आता बघा म्हणतोय पाहुण्यांना, ऐका आवाज, भरीव, अगदी भरीव, आणि खरंच, आतून ऐकू येतंय, इतका भरीव की मला श्वास घ्यायलाही फट —