खडूच्या रेघेबाहेर

३ फेब्रुवारी
सूर्याच्या नाकदुऱ्या काढणं आजपासून बंद. स्टिल लाइफ करायचं, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंचे फोटो, तेही पूर्ण कृत्रिम प्रकाशात. खिडकीला काळा कागद चिकटवला. या घरात सकाळ कधी व्हायची ते आता मी ठरवणार!
विषय: हिचा चहाचा निळा कप आणि हिनेच अर्धवट सोललेलं संत्रं. एका बाजूला टेबल लॅम्प, त्याच्यापुढे उजेड मऊ करायला बटर पेपर, पलीकडे तो परतवायला थर्माकोल. हिने विचारलं, मग मी चहा कशात पिऊ? म्हटलं, कलेसाठी एवढं चालवून घे. घेतलं. गुणाची आहे.

९ फेब्रुवारी
जेवणाचं टेबल हा आता कायमचा सेट. आम्ही ओट्याशी उभ्याने जेवतो. पचनाला बरं.
आज हिने सवयीने फडकं मारलं आणि संत्र्याची पुढची फोड बोटभर सरकली. आठवड्याची सावली गेली! थोडं बोललो. फार नाही. मग प्रत्येक वस्तूभोवती खडूने खुणा केल्या आणि टेबलाभोवती जमिनीवर एक रेघ. ही म्हणाली, या घरात मला हात लावायला काही उरलंच नाही. काहीतरीच. रेघेबाहेरचं सगळं घर तिचंच आहे.

१२ फेब्रुवारी
ही बहिणीकडे गेली. मला एकाग्रता मिळावी म्हणून. तसं म्हणाली नाही, पण समजूतदार माणसं बोलून दाखवत नाहीत. दोन मोठ्या बॅगा नेल्या. तिकडे थंडी असेल.
कप नेला नाही. म्हणजे येणारच.

१८ फेब्रुवारी
संत्रं वाळलं. नवीन आणवत नाही. हे तिने सोललेलं आहे.
वाफेचा प्रश्न मात्र सोडवला. गरम पाण्यात बुडवलेला कापूस कपामागे लपवायचा, मागून लॅम्प. काय वाफ दिसते! आमच्या फोटोग्राफी क्लबातल्या सीनियर सरांना फोटो पाठवला. म्हणाले, प्रकाश उत्तम, पण हा चहा कुणी पिणार आहे असं वाटत नाही. जळतात.

२२ फेब्रुवारी
मेव्हणीचा फोन. तिला न्यायला कधी येताय? म्हटलं, कपाच्या कडेवरची चमक आटोक्यात आली की लगेच. फोन कट झाला. नेटवर्कची बोंब.

१ मार्च
ही आली!
उरलेले कपडे न्यायला. अंधारात कपाट दिसेना म्हणून खिडकीचा कागद एका कोपऱ्याने सोलला. म्हटलं, अगं, दिव्याचा रंग आणि उन्हाचा रंग भांडतात. म्हणाली, भांडू देत.
मग रेघेबाहेर उभी राहून विचारलं, आता माझा कप नेऊ का? मला ‘थांब’ म्हणायचं होतं. म्हटलंही. पण ते एका फ्रेमपुरतं. बिचारी थांबली. नेमकं बटण दाबताना हिचा हात मध्ये आला. फोटो वाया. चिडलो.
कप धुतला, पुसला, घेऊन गेली.

२ मार्च
सोललेल्या कोपऱ्यातून टेबलावर ऊन आलंय. महिनाभर लॅम्पकडून जे मागत होतो, अगदी तेच. तेवढंच तिरपं, तेवढंच मऊ. त्यात ठेवायला कप नाही.
कालचा वाया गेलेला फोटो मोठा करून पाहिला. तिचा हात चुकून मध्ये आला नव्हता. वाळलेली फोड पुन्हा सरकली होती. ती त्या फोडीला बोटाने हळूच खडूच्या खुणेवर नेऊन ठेवत होती. माझ्यासाठी. हातावर ऊन आहे.
खडू पुसला. टेबलाशी बसून चहा घेतला, स्टीलच्या ग्लासात. समोरची खुर्ची थोडी ओढून ठेवली.
मग तिला फोन केला. विचारलं, कप नीट पोचला ना? हो म्हणाली.
फोन ठेवला आणि खिडकीचा उरलेला कागद सोलून काढला.