मोठ्या अक्षरांतली गल्ली

मंगळवार, १२ डिसेंबर १९८९

हात अजून गार आहेत. धरणात जाणाऱ्या आमच्यासारख्या गावांतल्या माणसांची इंग्रजी यादी आता ऑफिसातल्या नव्या कॉम्प्युटरवर करते. यादीतला माणूस वारला की त्याचं नाव मोठ्या, म्हणजे कॅपिटल अक्षरांत करायचं, ही टाइपरायटरपासूनची रीत. आज तीन वाजता असं एकच नाव करायचं होतं. नावाच्या आधी-नंतर खूण करून ते निवडताना शेवटची खूण भलतीकडेच पडली, पडद्यावर आमच्या अख्ख्या गल्लीची नावं उजळली, आणि मी मोठ्या अक्षरांचं बटण दाबून बसले! सगळी नावं मोठी. मग एकेक निवडून लहान केलं. फक्त बाबांचं होईना. तीनदा निवडलं, तीनदा उजळलं, मोठं ते मोठंच. पाचला साहेबांनी मशीन बंद करायला लावलं.

घरी आले तर बाबा घोंगडी पांघरून बसलेले.

"आज तीन वाजता आपल्या गल्लीतले सारेच गरगरून पडले वं," ते म्हणाले. "मंग एकेक करून उठले. मलेच काहून अजून थंडी वाजून राहिली?"

म्हटलं, चुलीजवळ बसा. योगायोग असेल. असेल ना? ते उजळलेलं नाव डोळ्यांपुढून हलत नाही.

ऑफिस उद्या दहाला उघडतं.