संगीतकाराचा ई-मेल पत्ता

तीर्थरूप दादांना धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? शिलाई यंत्रं दुरुस्त करताना जमिनीवर बसू नका, असं वहिनी सांगतात. ते तुम्ही ऐकत असाल अशी आशा नाही, पण इच्छा आहे. इकडे आम्ही सर्व खुशाल. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही मध्येच हसता आणि माझं बोलणं राहून जातं.

कळवायचं असं, की माझी चार भक्तिगीतं जगभर निघाली होती, ती उंबऱ्यावरच अडली आहेत. कुणालाही मोबाइलवर ती ऐकता यावीत, अशी सोय आमच्या थोरल्या लेकीने एका कंपनीमार्फत लावली. (पूर्वी गाणाऱ्याला देव भेटण्याची ओढ असे, आता श्रोता भेटला तरी पुरे.) आधी जाहिरात हवी, म्हणून तिने मला पंधरा सेकंदांच्या व्हिडिओला बसवलं. माझा नुसता आलापच चाळीस सेकंदांचा, त्यामुळे शब्द यायच्या आत मी संपलो. त्यात मी गातो डोळे मिटून. ती म्हणाली, "बाबा, डोळे उघडा. लोकांना वाटेल, व्हिडिओ अडकलाय." उघडले, तर चोरी करताना सापडल्यासारखा दिसलो. एकवीस जणांनी तो पाहिला. त्यातले नऊ आमच्या छापखान्यातले, आणि तेही मी शेजारी उभा होतो म्हणून.

खरी फजिती पुढेच आहे. कंपनीच्या अर्जात गायक, गीतकार, संगीतकार असे रकाने होते. पहिल्या दोन्हींत मी माझं नाव घातलं. तिसऱ्यापाशी मन भरून आलं आणि चारही गाण्यांपुढे लिहिलं, 'परमेश्वर'. माणसाने सगळंच आपल्या नावावर करू नये. (तुम्ही हसताय, ते इथे कळतंय.) चार दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं, की संगीतकाराचा ई-मेल पत्ता, ओळखपत्र आणि संमतीची सही पाठवावी. मी दोन पानी खुलासा केला, की सूर सगळे त्याचेच, आपण नुसते हमाल. मिनिटभरात उलट उत्तर: संगीतकार हयात नसल्यास वारसांची सही चालेल. आता वारस म्हणून कोणाकोणाला रांगेत उभं करू?

येत्या दहा तारखेपर्यंत सही गेली नाही, तर अर्ज रद्द होणार. आणि मी छापखान्यात शाई लावणाऱ्यापासून मालकांपर्यंत सगळ्यांना सांगून बसलोय, की अकरा तारखेला ऐका.

थोरलीने काल मला समोर बसवून विचारलं, "बाबा, देवाला मध्ये आणू नका. चाली कोणाच्या?" मी म्हटलं, सुचल्या. त्यावर म्हणते, "कुठे बसला होतात तेव्हा?" या मुलीने वकिली करायला हवी होती. मी जेवायला उठलो.

वहिनींना नमस्कार. गुडघा जपा.

तुमचा,
धाकटा

ता. क. – तेव्हा मी तुमच्या दुकानात बसलो होतो. तुम्ही यंत्राला तेल घालता घालता गुणगुणत होतात. चारचौघांत तुम्ही कधी गायला नाहीत, म्हणून चाली बेवारशी समजून मी उचलल्या. देवाचं नाव लिहिलं, कारण त्याने तक्रार केली नसती. आता रकान्यात तुमचं नाव घातलंय. सोबतच्या कागदावर सही करून उलट टपाली पाठवा.

आणखी एक – कागद चार आहेत. चौथ्या गाण्याचा अंतरा मात्र माझाच, असं मला बऱ्यापैकी वाटतं. तरी सही चारींवर करा.