नांग्या भरताना

ता. १२ ऑगस्ट

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या बहिणीचा खोकला गेला, पत्र्याची गळती मात्र अजून आहे. जेवणाच्या वेळा पाळतोस ना? पाळत नसशीलच, विचारायचं म्हणून विचारलं.

महोगनीची यंदाची लागवड झाली आणि गवताने जोर धरला. कमरेएवढ्या गवतात रोपं दिसेनाशी होतात. सुरुवातीला तण आवरलं की पुढे झाडांची सावलीच ते काम करते, हे तुझ्या बाबांचं पालुपद तुला पाठ आहे. ते रोज विळा घेऊन जातात. मजूर लावू म्हटलं की अंगावर येतात.

आता खरं काय ते लिहिते. गवताबरोबर ते रोपंही कापतायत. ओळीच्या ओळी विरळ झाल्यात. दुपारी ते आडवे झाले की मी रोपवाटिकेतून रोपं नेते, मोकळ्या जागी लावून नांग्या भरते आणि कापलेली गवताखाली दडपते. त्यांना दिसत नाही रे. समोरच्याला आवाजावरून ओळखतात. डॉक्टरांचं नाव काढलं की विषय बदलतात. मीही गप्प बसते. विळा हातातून गेला तर हा माणूस खचेल, याची मला फार भीती वाटते.

मागे पहिल्या लागवडीच्या वेळी तू चुकून एक ओळ कापलीस, तेव्हा सगळ्यांदेखत ते तुला काय बोलले ते मी विसरलेले नाही. तूही विसरला नाहीस, म्हणून तर घर सोडलंस.

काल ते चाचपडत एका रोपापाशी बसले. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत बोटं नेली.

"हे परवा मांडीला लागत होतं," म्हणाले.

मी शेजारीच उभी होते. मग म्हणाले, "नांग्या भरणाऱ्याला सांग, माती नीट दाबत जा. रोप हलतंय."

विळा माझ्या हातात दिला आणि माझ्या खांद्याला धरून घरी आले. दारात थांबले.

"धाकट्याला बोलावून घे. मी त्याला आंधळा म्हणालो होतो."

ये. डोळ्यांचा विषय तू काढू नकोस. विळा मी त्यांना परत देणार आहे. तू त्यांच्या पुढे राहून प्रत्येक रोपाशेजारी काठी रोवत जा, काठी हाताला लागली की ते बेतानं कापतील. सवयीचं काम आहे, जमेल त्यांना.

खालची सही त्यांची आहे. ओळीवरून घसरलीय, पण माझा हात न धरता केलीय.

वाट पाहणारे,
आई
बाबा