आईची हिरवी छत्री

रविवार, संध्याकाळ

निखिलने, माझ्या सख्ख्या भाच्याने, बाबांच्या सर्कशीवर संगीत नाटक केलंय. आज पाहून आले.

तारेवर आई चालायची, हिरवी छत्री घेऊन. सर्कशीत तारेवरची छत्री कुणी दुसऱ्याला देत नाही. मी निखिलला दिली. का दिली?

रंगमंचावर तीच छत्री घेऊन तारेवर कोण? बाबा! वर गातायत! शिडीवरसुद्धा चक्कर यायची त्यांना. आणि आई? अख्ख्या नाटकात नाहीच.

“आत्या, नायक एकच लागतो गं,” म्हणाला.

बरं. सगळ्यांदेखत छत्री उचलून घरी आणली.

मघापासून फोन करतोय. उद्या प्रयोग आहे म्हणे.

असू दे. बाबांना म्हणावं, चाला आता रिकाम्या हातांनी.